अलार्मिंगच्या पायरीवर

"माय हजबंड डू नॉट सी काऊ," रत्नप्रभा म्हणाली आणि खाली बसली.

"डज," मी म्हटलं. "नवरा एकच आहे ना? मग डज नॉट."

"एकच हाय बाई." रत्नप्रभा पुन्हा उभी राहिली. पदर खांद्यावर घट्ट घेतला. "माय हजबंड डज नॉट सी काऊ. इट इज वरीइंग."

"गुड," मी म्हटलं आणि तिच्या वहीत बरोबरची खूण केली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, पण ती खूण मला अजून टोचते. कारण रत्नप्रभाचा नवरा म्हणजे आमचे सुतारमामा. आणि सुतारमामा काय करायचे, तर शाळेची व्हॅन चालवायचे. रोज सकाळी चौदा पोरं तिच्यात कोंबलेली असायची, आणि त्यात माझी अनूही होती. ज्या माणसाला रस्त्यातली गाय दिसत नाही, त्याच्या हवाली पोटची पोर करून मी काय करत होते, तर 'डू'चं 'डज' करत होते.

त्या वेळी आम्ही इचलकरंजीत राहायचो. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, त्यामुळे आमच्या गल्लीत सगळे ओरडूनच बोलायचे. प्रेमाचं बोलणंसुद्धा चार घरांपलीकडे जायचं. दहावीला मी दोनदा बसले आणि दोन्हीदा इंग्रजीनंच आपटले. तो राग मनात धरून पुढं पंधरा वर्षं मी एकटीनं इंग्रजी शिकले. रद्दीतून एक डिक्शनरी मिळाली होती. तिची पहिली पानं कुणी भडंग बांधायला वापरली होती, त्यामुळे 'सी'च्या आधीचे शब्द मला फार उशिरा भेटले. तरी पोरगी इंग्रजी शाळेत गेली तेव्हा तिच्या वर्गातल्या आयांमध्ये शाळेचं सर्क्युलर वाचता येणारी मी एकटीच निघाले. मग दुपारी दोन ते साडेतीन, भांडी झाल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आधी, माझ्या बाहेरच्या खोलीत आमचा क्लास सुरू झाला. आम्ही पाच जणी होतो, मी धरून सहा. सगळ्यांची पोरं त्याच शाळेत आणि त्याच व्हॅनमध्ये. रत्नप्रभाची पोरं मोठी झाली होती, पण तिला मामांनीच घातलं होतं. "सर्क्युलरं माझ्याच हातात देत्यात," ते म्हणाले होते, "निदान घरात एकाला तरी वाचाय येऊ दे."

क्लासाचे नियम दोन. वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातला राम आणि त्याचा आंबा इथं चालणार नाही. आणि दुसरीच्या वाक्याबद्दल मराठीत एक अक्षर काढायचं नाही, ना इथं, ना बाहेर. हा दुसरा नियम चंपा मगदूममुळे करावा लागला. तिनं एकदा "माय सिस्टर-इन-लॉ ईट्स लाडू इन नाइट" असं झकास वाक्य केलं आणि संध्याकाळच्या आत ते मराठी होऊन जावेच्या कानावर गेलं. क्लास बंद पडता पडता राहिला. तेव्हापासून मी ठणकावून सांगितलं होतं, "इथं इंग्रजी सुधारायचं, कुणाचा संसार नाही."

त्या आठवड्यात मी काळजीचे शब्द घेतले होते. फळ्यावर जिना काढला होता. सगळ्यात खालच्या पायरीवर अपसेटिंग, म्हणजे दूध नासलं. त्याच्यावर वरीइंग, म्हणजे सहाला येणारं पोर साडेसहा झाले तरी आलं नाही. त्याच्यावर डिस्टर्बिंग.

"डिस्टर्बिंग म्हंजे?" हाजरा मुल्लाणीनं विचारलं. हाजराचा नातू व्हॅनमध्ये असायचा. वयानं ती आमच्यात सगळ्यात मोठी आणि जिभेनंही.

"म्हणजे शेजारीण रोज तुझ्या नवऱ्याला वाटीभर खीर आणून देते."

"हां. कळलं. आता पक्कं बसलं."

त्याच्यावर अलार्मिंग, म्हणजे तेच पोर साडेआठ झाले तरी आलं नाही. आणि शेवटची पायरी हॉरिफाइंग. तिथं मी उदाहरण दिलं नाही. सगळ्यांनी आपापलं मनात घेतलं.

बायका या जिन्यावर हौसेनं चढल्या. "माय मदर-इन-लॉज सिंगिंग इज डिस्टर्बिंग." "गॅस सिलेंडर इज लाइट, इट इज वरीइंग." हसून हसून पोटं दुखायची. रत्नप्रभा मात्र न हसता एकेक वाक्य आणायची, देवापुढं फूल ठेवावं तशी हळूच ठेवायची.

मंगळवारी: "इन व्हॅन आय टेल हिम, लेफ्ट बफेलो, राइट सायकल. बट मॉर्निंग आय ॲम नॉट इन व्हॅन. इट इज डिस्टर्बिंग."

तेव्हा दुपारी शाळा सुटायच्या वेळी रत्नप्रभा मामांच्या शेजारच्या सीटवर बसून जायची. गल्ली म्हणायची, या वयात काय प्रेम उतू चाललंय! सकाळी तिला जमायचं नाही, सासू अंथरुणाला खिळलेली होती.

मी काय म्हटलं? "'इन द व्हॅन' म्हण."

बुधवारी: "ही लर्न्स द डॉक्टर चार्ट बाय हार्ट. ही डज नॉट सी इट. इट इज अलार्मिंग."

"वा!" मी म्हटलं. "'बाय हार्ट' कुठं शिकलीस?" आणि वहीत चांदणी काढून दिली. त्या आठवड्यातली पहिली चांदणी. रत्नप्रभानं चांदणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आपण हाका मारतोय आणि समोरचा आपल्या गळ्याची तारीफ करतोय, असं झालं की माणूस जसा बघतो ना, तसं.

त्याच संध्याकाळी मी अनूच्या वेण्या घालत होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

"ई! एफ पी! टी ओ झेड! एल पी ई डी!"

"हे काय गं?"

"पोएम आहे. व्हॅनमधली. मामांना म्हणून दाखवायची. चुकलो की मामा परत म्हणायला लावतात. गुरुवारी मामांची परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"लायसनची. आणि आई, आमची हजेरीपण असते. चढताना मोठ्यानं नाव सांगायचं. आवाजावरून ओळखतात मामा! गंमत आहे ना?"

माझ्या हातातली वेणी सुटली. गाय, म्हैस, सायकल, तक्ता, सगळ्या खुणा आणि ती चांदणी एकदम डोळ्यांपुढं आली. मी चपला न घालता निघाले.

रत्नप्रभा दारात भांडी घासत होती. मामा आत आईला औषध पाजत होते. मी तिला नळापाशी ओढलं.

"रत्ना, ते सगळं खरं आहे?"

"वाक्य खरं पायजे म्हणून तुमीच सांगितलंय की," ती खालच्या आवाजात म्हणाली. आमच्या गल्लीत खालचा आवाज काढला की समजावं, पाणी गळ्याशी आलंय.

"अगं, मग सरळ सांगायचं नाही?"

"कसं सांगू? शपथ घातलीय त्यांनी. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. मोतीबिंदू हाय दोनी डोळ्यांत. डॉक्टर म्हणतोय काढून टाका. ह्यांचं एकच, आमच्या आण्णांचा डोळा शिबिरात गेला, मी न्हाई जायचा."

"आणि मला सांगितलंस ते? शपथ मोडली नाही?"

"न्हाई." रत्नप्रभानं मान ताठ केली. "मी कुठं बोलले? मी अभ्यास केला."

मला हसू यावं की रडू, कळेना.

"तो तक्ता मीच उतरवून आणला," ती म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात उभी राहून. तुमच्याकडं एबीसीडी शिकले म्हणूनच आला की मला. उद्या दुपारी तपासणी हाय. पास झाले तर पुढची पाच वर्सं असंच." तिनं राखेचे हात तसेच कपाळाला लावले. "नापास झाले तर माणूस झिजून मरंल. व्हॅन म्हंजे जीव हाय त्यांचा. आता तुमीच काय ते करा, बाई. शिकवलंय तुमी."

गुरुवारी सकाळी मामांची व्हॅन नेहमीसारखी हॉर्न देत गल्लीत शिरली. मी रात्रीच चार घरं फिरून आले होते. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, नियम माझाच होता. एवढंच म्हटलं होतं, "रत्नाची वाक्यं आठवा." चंपानं आधी बोटांवर वाक्यं मोजली आणि मग पोरांची भरून ठेवलेली दप्तरं उचलून आत नेली.

"अनू न्हाई?" मामांनी खिडकीतून विचारलं, माझ्या शेजारच्या पाण्याच्या पिंपाकडे बघून.

"ताप आहे हो तिला."

पुढच्या दारात चंपाच्या दोघांना ताप. त्याच्या पुढं हाजराच्या नातवाला ताप, वर उलट्या. हाजराला कमी काही चालतच नाही. पाचव्या दारापाशी मामा म्हणाले, "साथ आली का काय गल्लीत?" आणि बाकीची पोरं? ती पुढच्या चौकातली. तिथल्या आयांना मी फोनवर सांगितलं, व्हॅन बिघडलीय, आज तुम्हीच सोडा. मामा रिकामी व्हॅन घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. कुणाला धक्का लागला नाही. रस्ता त्यांना पाठ होता. पाठ नव्हती ती फक्त रस्त्यावरची माणसं.

दुपारी तपासणी तीनला होती. मामा दोनला रत्नप्रभाला घेऊन आले आणि नेहमीसारखे माझ्या पायरीवर तंबाखू मळत बसले. आज क्लास संपेपर्यंत थांबता येणार नव्हतं, अडीचला निघायचं होतं. म्हणजे माझ्या हातात अर्धा तास होता. तोंडानं मराठीत काढावं, तर रत्नप्रभाची शपथ. गप्प बसावं, तर चौदा पोरं.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शुड. आणि म्हटलं, "आज सल्ला. एका माणसाला डोळ्याचा त्रास आहे. कोण माणूस ते विचारायचं नाही. इंग्रजीत बोला, चुकलं तरी चालेल."

बायका तुटून पडल्या.

"ही शुड गो डॉक्टर!" चंपा.

"ही सेज नो," रत्नप्रभा म्हणाली. "हिज फादर, वन आय, कॅम्प, फिनिश."

"दॅट ओल्ड टाइम! नाऊ मशीन!"

"ही शुड थिंक चिल्ड्रन!"

"ही शुड थिंक वाइफ," रत्नप्रभा म्हणाली. "वाइफ इज इन मॉर्निंग होम. शी हिअर एव्हरी हॉर्न. एव्हरी हॉर्न शी थिंक..." तिनं फळ्यावरच्या सगळ्यात वरच्या पायरीकडे बोट केलं. तो शब्द काही तोंडातून काढला नाही.

शेवटी हाजरा उठली. तिचं इंग्रजी म्हणजे पत्र्यावर पडलेला नारळ. "माय मदर! एटी इयर! टू आइज ऑपरेशन! टेन मिनिट! सेम इव्हिनिंग शी सी ऑन वॉल... ऑन वॉल..." ती अडली. "बाई, पालीला काय म्हणायचं?"

आणि मला खरंच आठवेना. 'एल' माझ्या डिक्शनरीत होता, तरी.

"लिझर्ड," पायरीवरून आवाज आला.

सहा बायकांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. मामा भिंतीला हात लावत दारात येऊन उभे राहिले.

"लिझर्ड म्हणत्यात पालीला. एलकेजीची पोरं सुदिक सांगतील."

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"अकरा वर्सं झाली इंग्रजी शाळंची पोरं नेतोय, बाई. चौदा पोरं मानंवर बसून इंग्रजीत भांडत्यात. बोलाय न्हाई येत. कळतं सगळं."

"कधीपासून ऐकताय?"

"गायीपासनं," मामा म्हणाले. मग रत्नप्रभा जिथं होती त्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाले, "आणि ती गाय न्हवती. म्हस होती."

रत्नप्रभानं पदर तोंडाशी नेला होता. तो तिनं काढला. "गायच हुती."

"म्हस."

"तुमाला दिसली का?"

हाजराला फस्सकन हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

"चार दिवस ऐकताय," मी म्हटलं, "मग ओरडला कसे नाही? रत्नाला बोलला कसे नाही?"

मामांनी तंबाखूची चिमूट पुन्हा डबीत टाकली. "घरात हिनं मराठीत काढलं असतं ना, तर ताट भिरकावलं असतं मी. तिला ठाव हाय. पण हितं पायरीवर बसून ऐकताना वाटायचं, ह्ये कुणाचं तरी दुसऱ्याचंच चाललंय. असा एक माणूस हाय, त्याला दिसत न्हाई, त्यो बायकोला घोर लावतोय. चांगला माणूस हाय म्हणं, पण आडमुठा हाय. ऐकून ऐकून मला त्या माणसाचं वाईट वाटाय लागलं. आणि त्याच्या बायकोचं लई. आज सकाळी पाच दारांत पाच ताप निघाले तवा म्हटलं, गड्या, ह्यो माणूस तूच."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता म्हणून बरं. नाहीतर सहा जणी नाक ओढतानाचा आवाज फार आला असता.

"बाई, एक इचारू?" मामा म्हणाले. "त्या जिन्यावर ऑपरेशनला कुठली पायरी?"

"ज्याची त्यानं ठरवायची असते, मामा."

ते फळ्यापर्यंत आले. तोंड इतकं जवळ नेलं की नाकाला खडू लागला. तरी अक्षर लागेना, तेव्हा त्यांनी हात मागं केला. "रत्ना, वाच."

रत्नप्रभानं खालपासून एकेक शब्द वाचला. अपसेटिंगला मामांनी मान हलवली, नाही. वरीइंगला नाही. डिस्टर्बिंगला नाही. त्या माणसानं उभ्या आयुष्यात 'मला भीती वाटते' हे कुणाला म्हटलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. ते शब्द त्यांच्या मराठीत नव्हतेच.

"ऑपरेशन," मामा म्हणाले, "इज अलार्मिंग. व्हेरी अलार्मिंग."

कुणी हसलं नाही. रत्नप्रभा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आय विल कम."

अडीच वाजून गेले, पावणेतीन झाले. मामांनी किती वाजले ते विचारलं, खिशातून किल्ली काढली आणि रत्नप्रभाच्या हातात ठेवली. "तपासणीला जात न्हाई मी," ते म्हणाले. "पण पोरं आणायची हाईत. शाळा चारला सुटती. कोण जातंय?"

सहाही जणी गेलो. वेण्या विस्कटलेल्या, पायांत घरातल्या चपला, अशा अवतारात पोरांची रांग करून त्यांना चालत आणलं. सकाळी ताप असलेली पोरंही मागं लागून आमच्याबरोबर आली होती, वर त्यांनी रस्त्यात कुल्फीही खाल्ली. शाळेच्या बाईंनी विचारलं, "सगळ्या एकदम? काय कार्यक्रम?" हाजरा म्हणाली, "प्रॅक्टिकल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हाजरा पोरांना घेऊन चौकापर्यंत आलो, तर समोरून मामा आणि रत्नप्रभा ऑपरेशनसाठी मिरजेची गाडी पकडायला निघालेले. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्यानं चालताना मध्ये चार पावलांचं अंतर ठेवतात. नवरा पुढं, बायको मागं, आणि दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी. मामांनी पांढरा सदरा घातला होता, रत्नप्रभानं लग्नातला हिरवा शालू. आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता. मागावरून सुटलेले कामगार, दूधवाला, दुकानाच्या फळ्या काढणारे, सगळे थांबून बघत होते.

हाजराला राहवतंय कुठलं? ती रस्त्याच्या या बाजूनं ओरडली, "काय वो मामा! सकाळसकाळी हातात हात? लाज वाटती का न्हाई?"

मामांनी आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. "मला कुठं कोण दिसतंय लाजायला?" ते तितक्याच मोठ्यानं ओरडले. "ज्याला दिसतंय त्यानं लाजावं!"

सगळा चौक हसला. रत्नप्रभाला मात्र चांगलं दिसत होतं, एकूणएक माणूस दिसत होता. तिचे कान लाल झाले. पण तिनं हात सोडला नाही.